डावी पाकळी

१

माझ्या घराला कुलूप नाही. चाळीस वर्षांत लागलं नाही. बयाबाई पाटलिणीच्या ओसरीवरची काडी उचलेल असा मायेचा पूत वाडीत जन्मला नव्हता. म्हणून त्या गुरुवारी दिवस मावळता मावळता अजितकुमार जेवून बाहेर आला आणि "आई, माझी वही कुठाय?" म्हणाला, तेव्हा मी आधी त्याच्यावरच खेकसले.

"आसंल तिथंच. कॉलेजात शिकवतोस आन आपली वही सांबाळता येत न्हाई?"

वही नव्हती. खुंटीला पिशवी होती. पिशवीत भिंग होतं, पांढऱ्या रंगाची बाटली होती, मनगटातलं घड्याळसुद्धा होतं. लाल पुठ्ठ्याची जाड वही तेवढी गेली होती. घड्याळ सोडून वही नेणारा चोर मी काही पाहिला नव्हता.

पोरगा पायरीवर मटकन बसला. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा हा मुलगा, विश्रामबागेत खोली घेऊन राहणारा. दोन वर्षं दर महिन्याला आमच्या निनाईदेवीच्या राईत यायचा, किडे मोजायला. माणसं मोजायला सरकार दहा वर्षांनी येतं, हा किडे मोजायला महिन्याला. बाकीचे शिकलेले लोक किडा मारतात, टाचणीला टोचून पेटीत ठेवतात म्हणे. हा मारायचा नाही. पाठीवर पांढरा ठिपका द्यायचा, वहीत लिहायचा आणि सोडून द्यायचा. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्याकडून दुसरं काय होणार? पण त्यामुळं झालं असं, की दोन वर्षांचं सगळं त्या एका वहीत. पेटी असती तर निदान मेलेले किडे तरी दाखवता आले असते.

दाखवायचे होते सोमवारी. दुष्काळात सरकारनं खडी फोडायची कामं काढली, तेव्हा आमच्या वाडीचा रस्ता राईच्या पलीकडच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. दुष्काळ सरला. आता सरपंचाला तो राईच्या मधनं सरळ वाडीत आणायचा होता. अजितकुमारनं अर्ज केला, म्हणून सोमवारी साताऱ्याहून साहेब पाहणीला यायचे होते. वही गेली म्हणजे राई गेली.

"सोमवारच्या आत वही तुझ्या हातात देते," मी म्हणाले. "न्हाई दिली तर माझ्या नावानं कुत्रं पाळ."

ओसरीवर आमचे मालक, हरिबा, खाटेवर असतात. त्या वेळेला लकवा होऊन पाच वर्षं झालेली, तेव्हापासून वाचा नाही, फक्त डोळे. मी वाकून विचारलं, "तुमच्या म्होरंच झालं न्हवं? कुनी नेली वं?"

त्यांनी डोळे माजघराकडं फिरवले. मी आत जाऊन तांब्या आणला, पाणी पाजलं. त्यांनी ते गिळलं नाही. हनुवटीवरून गळ्यात उतरलं.

२

शुक्रवारी सकाळी चावडी गाठली. भाऊसो सरपंच दाढी करून घेत होता, अर्ध्या गालाला साबण.

"या काकी. आज सकाळी सकाळीच कुनाचं नशीब फुटलं म्हनायचं?"

"तुजं. पोराची वही कुठं ठिवलीस?"

तो हसला, वस्तरा लागता लागता राहिला. "वही? आवं, मी काय करू वहीचं? त्यात काय लिवलंय ते बी मला ठावं न्हाई. आन वही असली काय, नसली काय, मंगळवारी तुमच्या निनाईनंच उजवा दिला. कौल लावा, कौल लावा म्हनून आडून कोन बसलं व्हतं?"

मीच बसले होते. रस्त्याच्या बैठकीत साऱ्या गावासमोर पदर खोचून म्हणाले होते, देवीला विचारा, देवी नको म्हणाली तर एका झाडाला हात लावायचा नाही. देवी नको म्हणणार याची मला माझ्या नावाएवढी खात्री होती.

आमच्याकडं कौलाची रीत अशी. देवीच्या दोन्ही गालांना कण्हेरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवी पाकळी गुरव लावतो, झऱ्याच्या पाण्यात भिजवून. डावी मानकऱ्याच्या घरची, म्हणजे माझ्या. ती घरून पाण्याच्या द्रोणात भिजत घालून न्यायची आणि गुरवाच्या हातात द्यायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मंगळवारी द्रोण मीच दोन्ही हातांनी धरून नेला होता. उजवी पाकळी पडली. लोक "चांगभलं" ओरडले. मी तिथंच बसले.

"एक सांगू काकी?" भाऊसो म्हणाला. "चोर धरायचा तर त्या वहीत काय हाय हे ज्याला ठावं, त्याला धरा. मला उगा कशाला खरवडताय? हितं न्हावी हाय त्यासाठी."

लबाड माणूस, पण बोलला ते शहाण्यासारखं. आणि वहीतले किडे माहीत असलेला, राई पडली तर पैसा मिळणारा एकच माणूस माझ्या डोळ्यांपुढं होता.

३

आकाराम ठेकेदार राईच्या कडेला झाडांवर गेरूनं फुल्या मारत होता. लाकूड त्याला मिळणार होतं.

"आरं, अजून हुकूम न्हाई आन मळवट भरायला लागलास?"

"मावशी, देवीचा हुकूम झाला की." त्यानं हात झटकले. "वहीचं ऐकलं. माज्यावर आळ घालू नका. बुधवारपासनं मी माधवनगरला. लाकडाची गाडी पोचवली, काल सांजंला तिथंच लग्नात जेवलो. ह्यो बघा सदऱ्यावर हळदीचा डाग. आज पहिल्या यष्टीनं उतरलो." मग डोळा बारीक करून म्हणाला, "त्या मास्तराला मीच सांगितलं व्हतं, तुमचे किडे ट्रकात भरून दुसरीकडं न्हेऊन सोडतो, भाडं घेनार न्हाई."

"तुला न्हेऊन सोडायला पायजे," मी म्हणाले. पण डाग ताजा होता. आणि यष्टीचा कंडक्टर आमच्या भावकीतला, त्यानंही तेच सांगितलं.

संध्याकाळी अजितकुमारला ताट वाढलं आणि समोर बसले. राही, माझी सून, चुलीपाशी भाकरी थापत होती. माझा जोतीराम पलटणीत, वर्षातून एकदा येणार. घरात बाईमाणूस आम्ही दोघीच.

"अजित, त्या वहीत तू शेवटी काय लिवलंस?"

"बुधवारी सकाळचं, आई. देवळात मी नेहमीच मुंग्या बघतो. त्या दिवशी देवीच्या डाव्या गालाला त्रेसष्ट मुंग्या होत्या, उजव्याला एकही नाही. पूर्वी कधीच नव्हत्या. म्हणून मी देवीचा चेहरा काढला आणि जिथं मुंगी तिथं ठिपका दिला. मी सांगितलं होतं की तुम्हाला, जेवताना."

सांगितलं होतं खरं. मी हसून म्हणाले होते, देवीला गोड लागलं आसंल. त्या दिवशी राहीच्या हातून भाकरी करपली, म्हणून तिला चार शब्द सुनावले होते, तेही आठवलं.

"आनी कुनाला सांगितलंस?"

"गुरवमामांना विचारलं, इथं रोज मुंग्या असतात का. ते एकदम घाबरल्यासारखे झाले."

घाबरला? नाथाजी गुरव साप हातानं धरून बाहेर टाकतो. तो मुंग्यांना घाबरला?

४

शनिवारी उजाडताच राईत गेले. आत पाऊल टाकलं की उन्हाळ्यातही पायाखाली ओल लागते. अजितकुमारनं मला एकदा तिथं बसवून दाखवलं होतं: वर डोंगरातलं रान, खाली नदीकाठचं रान आणि मधला सांधा ही राई. वरचे किडे खाली येणार ते हिच्यातूनच. त्यात एक काळा, जड, उडता न येणारा किडा आहे, पोरं त्याला निनाईची म्हैस म्हणतात. तो उघड्यावर पाऊल टाकत नाही. अजितनं दहा म्हशी पायवाटेच्या कडेला सोडल्या होत्या. चार हात रुंद वाट, ऊन पडलेली. एकही पलीकडं गेली नाही. सगळ्या कडेवरून माघारी.

"वाटेलाच एवढं भित्यात, तर रस्त्याला काय करतील रं?"

"काही करणार नाहीत, आई," तो म्हणाला होता. "अलीकडच्या अलीकडं संपतील, पलीकडच्या पलीकडं."

नाथाजी गाभाऱ्यात झाडत होता. मला बघून केरसुणी हातातच राहिली.

"नाथाजी, वही कुठाय?"

"वैनी, वही मी न्हाई नेली. देवीच्या पायाची आन."

"मग मुंग्यांचं नाव काढल्यावर तोंड का पडलं तुजं?"

त्यानं केरसुणी खाली ठेवली. मग देवीच्या मागची डबी काढली. कौलाच्या पाकळ्या टाकायच्या नसतात, तो डबीत ठेवतो. दोन पाकळ्या होत्या. एक वाळून चुरगळलेली. दुसरी तांबूस, कडक, कागदासारखी.

"ही डावी," तो म्हणाला. "मंगळवारी पडली न्हाई. बुधवारी बी पडली न्हाई. मास्तर मुंग्या मोजून गेल्यावर देवीला आंघोळ घातली, तरी पडंना. शेवटाला नखानं खरवडून काढली. तीस वर्सं कौल लावतोय, पान्यानं चिकटलेली पाकळी कवा खरवडाय लागली न्हाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"कसं बोलू वैनी?" त्यानं मान खाली घातली. "डावी तुमच्या द्रोणातली."

मी पाकळी घेतली. जिभेला लावली.

मी खांब धरला. गूळ नव्हता तो. गुळाची चव कोरडी असते. ही काकवी होती. आमच्या वाडीत उसाचं कांडं पिकत नाही. काकवी येते ती माझ्या माहेराहून, वाळव्याकडून, संक्रांतीला, एक मडकं. आणि ते मडकं साऱ्या वाडीत एकाच घरात असतं.

५

घरी येऊन मी आधी खात्री केली. बुद्धी मला शाळेनं दिलेली नाही, चुलीनं दिली. कण्हेरीच्या दोन पाकळ्या घेतल्या. एक पाण्यानं, एक काकवीच्या पाण्यानं दाराच्या चौकटीला लावली. पाण्याची पाकळी दळण निवडून होईतो पडली. दुसरीवर मुंग्यांची रांग लागली.

म्हणजे कौल खोटा. म्हणजे वहीतलं मुंग्यांचं पान हाच त्याचा पुरावा, आणि वही गेली ती त्या पानापायी. अजितला त्या पानाचा अर्थ कळला नव्हता, चोराला कळला होता. त्या पानाचं बोलणं झालं माझ्या चुलीपुढं. ऐकायला कोण होतं? अजित, मी आणि भाकरी करपवणारी.

ओसरीवर गेले. मालकांच्या खाटेशी बसले.

"परवा तुमी पानी मागत न्हवता."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाणी होतं त्यात.

राही माजघरात होती. मी दार लोटलं.

"राही, काकवीच्या मडक्याचं फडकं कुनी सोडलं?"

तिनं मान वर केली. वाटलं रडेल, पाया पडेल. सहा वर्षांत या पोरीनं माझ्यापुढं आवाज काढला नव्हता.

"मी सोडलं, आत्ती. द्रोनात पाकळी मीच भिजवली. तुमी अंघुळीला गेला व्हता."

"देवीशी खोटं? माझ्या हातानं?"

"तुमच्याच हातानं पायजे व्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या हातातलं गावानं पारखून घेतलं आस्तं."

ती बोलत राहिली, हळू, जणू भाकरीचं पीठ संपलं असं सांगावं तसं.

"गेल्या आषाढात जीप राईच्या पल्याड उभी व्हती. मला डोलीत घातली. राईतनं चालत पाव तास. तुमी वाटंवर काठी आडवी धरली. बाळंतीन इटाळाची, देवीला चालत न्हाई, वळसा घाला म्हनला. आत्ती, वळसा घालताना मला जीपचा भोंगा ऐकाय येत व्हता. डायवर वाजवत व्हता, इकडं या म्हनून. आमी डोंगराच्या अंगानं तीन तास चाललो."

राही पोचली तेव्हा मूल गेलेलं होतं. मुलगा होता. ते मी या घरात कधी बोलू दिलं नव्हतं. रीत म्हणजे रीत.

"मधनं रस्ता झाला की कुनाला काठी आडवी धरता येनार न्हाई," राही म्हणाली.

तिनं कणगीमागून गाठोडं ओढलं. जुन्या लुगड्यांची शिवून ठेवलेली बाळुती, एकदाही न भिजलेली. त्यात ती लाल वही.

"जाळली का न्हाईस?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"लिवलेलं हाय, आत्ती. लिवलेलं कसं जाळायचं?"

६

रविवारी अजित राईत गेला तेव्हा वही मांडीवर घेऊन बसले. अक्षर मला बोट ठेवून लागतं, पण शेवटचं पान वाचायची गरज नव्हती. देवीचा चेहरा ओळखू येत होता. डाव्या गालावर देवी आल्यासारखे ठिपके.

पान तसंच दिलं तर? साहेब विचारणार, डावी पाकळी कुणाची. गाव सांगणार, पाटलाच्या घरची. कौल खोटा करणाऱ्या बाईला वाडी पाणी भरू देणार नाही. जोतीराम रजेवर येईल, पलटणीतला माणूस, तो तर तिला माहेरी धाडूनच पाणी पिईल. राई वाचेल. जिला मी एकदा वळसा घालायला लावलं, तिला या वेळी देशोधडीला लावावं लागेल.

गावभर शोध करायला मी निघाले होते ताठ मानेनं. चोर सापडला, आणि त्या चोरामागं काठी धरून उभी मीच होते.

पान फाडलं. चुलीत घातलं. राहीला जे जमलं नव्हतं ते मला जमलं. दोन इयत्ता शाळेत गेले होते मी, तिला तेवढ्याही मिळाल्या नव्हत्या.

अजित आला तेव्हा वही त्याच्या हातात दिली. "वळचणीला व्हती. मांजरानं ओढली आसंल."

त्यानं वही कपाळाला लावली. लहान मुलासारखा हसला. पानं चाळत शेवटी आला आणि थांबला. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"आई, एक पान नाही."

"उंदरानं खाल्लं आसंल."

"उंदीर इतकं सरळ खात नाही, आई."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग वही मिटली. त्या दिवशी दुसरी भाकरी त्यानं घेतली नाही.

७

साहेब वाईट नव्हते, हेच वाईट झालं. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी वही पान अन् पान पाहिली. सारं गाव अंगणात. राही माजघराच्या दाराआड.

"मला पटतंय," ते अजितला म्हणाले. "ही राई म्हणजे दोन रानांमधला पूल आहे. मधून रस्ता गेला तर पूल तुटेल. पण मी गावाच्या मनाविरुद्ध लिहू कसं? गावाच्या देवीनंच संमती दिलीय म्हणतात."

"खडा उजवा कौल, साहेब!" भाऊसो म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही या रस्त्याच्या विरुद्ध होतात असं ऐकलं. तुमचा शब्द मी लिहून घेईन. कौल तुमच्या समोर झाला. खरा झाला?"

अजितची नजर माझ्यावर होती. त्याला पानाचा अर्थ तोवर कळला होता की नाही, कोण जाणे. एक शब्द पुरे होता. नाथाजी खांबाआड उभा होता. तोही एका शब्दाची वाट बघत होता. मालकांनी डोळे मिटून घेतले.

माजघराच्या दाराची कडी हलली.

"खरा झाला, साहेब," मी म्हणाले. "डावी पाकळी माझ्याच हातची व्हती."

८

राई तोडायला अकरा दिवस लागले. सगळी नाही तोडली, मधला पट्टाच. दोन बाजूंना दोन तुकडे ठेवले. भाऊसो म्हणाला, बघा काकी, निम्म्याहून जास्त तर शिल्लक हाय.

अजितकुमार पुढच्या वर्षी एकदा आला. माझ्याकडं जेवला, आई म्हणूनच हाक मारली आणि दोन दिवस किडे मोजले. आधी राईत एका फेरीत एक्केचाळीस म्हशी सापडायच्या. आता अलीकडच्या तुकड्यात नऊ, पलीकडच्या सात. भाकरी मोडली तर दोन तुकडे मिळून एक भाकरी होते, एवढं दुसरीतलं गणित मला येतं. राईचं ते होत नाही. तुकड्यांच्या आत ऊन शिरलं, पायाखालची ओल गेली. पुढं झराही बारीक झाला. अजित नंतर आला नाही. वहीचं काय केलं, विचारायला मला तोंड नव्हतं.

रस्ता झाला. आता जीप अंगणापर्यंत येते. राहीला मात्र तिच्यात बसायची वेळ आली नाही. पाच वर्षं झाली, कूस पुन्हा उजवली नाही. आषाढात आत काहीतरी फाटलं, असं कऱ्हाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिवस कलला की ती रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची. मुरूम तापलेला असायचा. पाठीवर पांढरा ठिपका असलेली एखादी म्हैस कडेपर्यंत यायची, थांबायची, मागं वळायची. राही तिला तळहातावर घ्यायची, पदर वर धरून सावली करायची आणि पलीकडं नेऊन सोडायची. अजित शेवटचा आला तेव्हा त्यानं ते पाहिलं.

"वहिनी, एवढ्या थोड्यांनी वंश चालत नाही," तो म्हणाला.

"ठावं हाय," राही म्हणाली आणि दुसरी उचलायला वाकली.

गेली दोन वर्षं कडेला एकही म्हैस आली नाही, ठिपक्याची नाही, बिनठिपक्याचीही नाही. राही तरी रोज जाते. हात मांडीवर उताणा ठेवून बसते. दिवेलागणीला उठते, येताना रिकामा तळहात पदराला पुसते.

मी तिला हाक मारत नाही. त्या वेळच्या भाकऱ्या आता मीच थापते.